दिव्याची खरखर

दिवा गेला आणि रेडिओ बोलायला लागला. ती त्या वेळी मास्तरांच्या अंगाखालची चादर बदलत होती. एक हात त्यांच्या खांद्याखाली, दुसऱ्या हातात चादरीचं टोक, आणि सगळा भार कमरेतल्या त्या एका मणक्यावर, ज्याच्याशी हल्ली तिची दिवसातून दहादा बोलाचाली व्हायची. खोली एकदम काळी झाली. भर दुपारीसुद्धा या आतल्या खोलीत दिव्याशिवाय काही दिसत नसे, कारण तिची एकुलती एक खिडकी इमारतीच्या पोटातल्या बोळात उघडायची, आणि त्या बोळात सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरांची घाण याखेरीज काही नव्हतं. जिन्यातून वायरमनची हाक आली, "मीटरचं काम आहे हो, थोडा वेळ लाइट नाही! फ्रिज उघडू नका उगाच!" ती चादरीचं टोक तसंच धरून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की खोलीत आणखी कुणीतरी बोलतंय. उशाशी ठेवलेल्या सेलवरच्या रेडिओतून, ज्यातून ही खोली मास्तरांची झाल्यापासून खरखरीशिवाय दुसरं काही निघालं नव्हतं, एक बाई कुठल्याशा परक्या भाषेत, कसलीच घाई नसल्यासारखी, काहीतरी वाचून दाखवत होती. मध्येच तिने पान उलटलं. पान उलटल्याचासुद्धा आवाज आला.

मास्तरांचं डावं बोट हवेत होतं. सकाळी रेडिओ लावल्यापासून ते असंच वर जात होतं, दमून खाली पडत होतं आणि पुन्हा वर जात होतं, तापाने थरथरत, छताकडे रोखलेलं. अंधाराला डोळे सरावले तसं तिला दिसलं की बोट हळूहळू खाली येतंय. या वेळी ते दमून पडलं नाही, आपणहून खाली आलं. हात पांघरुणावर क्षणभर थांबला, मग सरपटत उशाकडे गेला, चाचपडत त्याने रेडिओच्या बाजूचं चाक धरलं आणि केसभर फिरवलं. बाईचा आवाज आणखी जवळ आला. दोन दिवस ज्या माणसाने दुधाचा घोट घेतला नव्हता, कुणी हाक मारली तर डोळा उघडला नव्हता, त्याच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. उजवा कोपरा जिथे होता तिथेच राहिला, त्याला आता काही सांगता येत नव्हतं. ती हे सगळं बघत होती. तिने चादर तशीच अर्धवट सोडली आणि स्टुलावर बसली.

मास्तर भूगोल शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, तीही मनातल्या मनात तेच म्हणायची, तोंडाने मात्र "अहो". लग्न झाल्यापासून तिने त्यांच्या तोंडून जर काही ऐकलं असेल तर नन्नाचा पाढा. सिनेमाला जाऊ या का? नाही. या रविवारी माझ्या बहिणीला बोलवू का? नाही. हा शर्ट बरा आहे का? नाही. ती चिडून म्हणायची, "देवाने तुम्हाला जीभ दिली ती बहुतेक एकाच शब्दासाठी." आणि मग झटका आला, न्हाणीघरात, डोक्याला साबण असताना, आणि पंधरवड्याने दवाखान्यातून जे मास्तर घरी आले त्यांच्यापाशी खरोखरच एकच शब्द उरला होता, पण तो भलताच. हो. चहा हवा? हो. चहा नको? हो. तुम्ही मास्तर की मी मास्तर? हो. मुलगा त्या दिवशी हसता हसता रडायला लागला होता. शेजारपाजारचे यायचे, मुद्दाम दोन उलटसुलट प्रश्न विचारायचे आणि दोन्हीला हो आलं की अवघडून हसायचे. मास्तर त्यांच्याकडे टक लावून बघायचे. डॉक्टर म्हणाले होते, "समज शाबूत आहे. ऐकू येतंय, कळतंय सगळं. आत शब्द आहेत, बाहेर येताना तेवढा एकच सुटतो." समज शाबूत आहे हे वाक्य तिने तेव्हा आनंदाने सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

रेडिओ पहिल्यापासूनचा. शाळा सुटली की मास्तर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून दूरची स्टेशनं शोधायचे. शोधायचे म्हणजे चाक असं फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं हात हललाच नाही. एखादा आवाज सापडला की भाषा कळत नसली तरी तासभर ऐकायचे, त्यातून गावाचं नाव कानावर पडलं की नकाशाच्या पुस्तकात त्यावर बोट ठेवायचे. "कळत तर काही नाही, मग ऐकता काय एवढं?" ती विचारायची. "कुणीतरी जागं आहे तिकडे," ते म्हणायचे. झटक्यानंतर डाव्या हाताला चमचा धरता येईना, पण ते चाक तो हात दुसऱ्याच आठवड्यात फिरवायला शिकला. त्या वेळी ते अजून बाहेरच्या खोलीत असायचे. ती स्वयंपाकघरात असली आणि पलीकडून कुणी परदेशी माणूस गात असला, म्हणजे तिला कळायचं की मास्तर ठीक आहेत. पुढे मागच्या थंडीत त्यांना पहिल्यांदा न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नळ्या घातल्या, महिनाभराने ते उठून बसले, आणि त्यांची खाट आत हलवायचं ठरलं, कारण न्हाणीघर आतल्या खोलीला लागून होतं आणि तिच्या कमरेने बाहेरपासून तिथपर्यंतची वाट सोडून दिली होती.

मुलगा तेव्हा रजा काढून आला होता. चांगला मुलगा. त्याने खोलीला रंग दिला, खाटेला कठडा लावला, आणि घरातले पिवळे बल्ब एकजात काढून नवे एलईडी लावले. मास्तरांच्या उशाच्या बरोबर वर त्याने एक चपटा चौकोनी दिवा बसवला, इतका पांढरा की तिला आपल्या हातावरच्या शिरा नव्यानेच दिसल्या. "आई, सुईत दोरा ओवशील आता. आणि वीज किती खाईल, तर नावाला." ती खूश झाली. पाठीला पडलेली जखम धुताना, गोळ्यांचे रंग ओळखताना खरंच त्या उजेडाचा आधार होता. त्याच दिवशी रेडिओ खरखरायला लागला. आतल्या खोलीत आवाज धरत नसेल, असं मुलगा म्हणाला, आणि खिडकीतून बोळात एक लांब तार सोडली. खरखर वाढली. मग तो म्हणाला, "रेडिओ म्हातारा झालाय, बाबांसारखाच," आणि आपल्या जुन्या मोबाइलवर जगातली सगळी स्टेशनं लावून तो फोन त्यांच्या हातात दिला. फोनवर एकही आवाज शोधावा लागत नव्हता. मास्तरांनी तो कठड्याबाहेर ढकलून दिला. रेडिओ मग तसाच राहिला, उशाशी. सकाळी ती आत यायची, आधी दिवा लावायची, मग रेडिओ, आणि रात्री झोपेची गोळी दिली की दोन्ही बंद. दिव्याशिवाय रेडिओ त्या खोलीत कुणी कधी ऐकलाच नव्हता.

सुरुवातीला मास्तर चिडायचे. रेडिओ बुक्कीने मारायचे, तोंड लाल करून हो हो हो असं ओरडायचे, आणि ती म्हणायची, "बंद करू का मग?" तर पुन्हा हो, आणि बंद केला की हुंदके. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या आजारात असा राग येतो, आणि एक गोळी वाढवली. राग गेला. मग बोट सुरू झालं. रेडिओ लावला की थोड्याच वेळात डावा हात उचलला जायचा, तर्जनी सरळ वर, आणि डोळे त्या बोटाच्या मागोमाग. पहिल्यांदा ते नीट बघितलं नणंदेने. मास्तरांची धाकटी बहीण, मनाने लोण्याची पण डोळ्याला पाण्याचा नळ बसवलेला. ती खाटेपाशी बसली होती, तिने दादाचं वर झालेलं बोट दोन्ही हातांत धरलं आणि गदगदून म्हणाली, "वहिनी, दादा वर दाखवतोय गं. कंटाळलाय तो. बोलावणं मागतोय." तिने तेव्हा नणंदेला झापलं होतं, "काहीतरी बोलू नका वन्सं, त्यांना ऐकू येतं." पण बोललेलं वाक्य खोलीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी बोट वर गेलं तेव्हा तिला ते वाक्य आठवलं, तिसऱ्या दिवशी आठवावं लागलं नाही. हळूहळू बोटाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हेच कुणाच्या मनात येईना. दूध घेऊन येणारा, औषधं आणून देणारा, ज्याने त्याने ते बोट बघितलं आणि मान खाली घातली. मोठ्या लोकांचं मोठं दुखणं, असंच सगळ्यांना वाटलं. बोट ज्या दिशेला होतं तिथे छताच्या आधी दिवा होता, हे बघायला कुणी मान वर केली नाही.

पुढचं सगळं मग सोपं होत गेलं. एका दुपारी डॉक्टर, नणंद आणि फोनवर मुलगा, असे सगळे या खोलीत जमले. डॉक्टर खाटेवर वाकून मोठ्याने म्हणाले, "आजोबा, पुन्हा दवाखान्यात नेणं, नळ्या घालणं, हे सगळं नको ना आता?" मास्तर म्हणाले, हो. आणि त्यांचं बोट वर गेलं. फोनमधून मुलाच्या रडण्याचा आवाज आला. नणंदेने पदर तोंडाला लावला. डॉक्टर सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मन खंबीर आहे त्यांचं. तसंच करू." ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मास्तरांना झटका येईपर्यंत ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या खुर्चीपाशी उभी राहून इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत आली होती, की झोपेतसुद्धा तिच्या तोंडून निघायचं, आता नीट दिसतं की मघाशी? आता की मघाशी? तिथल्या म्हाताऱ्या तपासनिसाने तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला "आता नीट दिसतंय ना?" असं कधी विचारायचं नाही. माणूस भिडस्त असतो, हो म्हणून मोकळा होतो, आणि चुकीची काच घालून वर्षभर डोकं धरून बसतो. त्या एका "ना" वरून तिने दुकानातल्या नव्या मुलींना रडेपर्यंत झापलं होतं. आणि इथे डॉक्टरांनी विचारलं, नको ना? ज्या माणसाकडे हो सोडून शब्दच नाही त्याला विचारलं. तो "ना" तिच्या कानाला खटकला होता. बारीक खडा दाताखाली यावा तसा खटकला होता. तिने तो गिळला. असं नका विचारू डॉक्टर, एवढंच म्हणायचं होतं. ती ते म्हणाली नाही.

ते का, हे आता या अंधारात ती बाई पान उलटून वाचत असताना तिला टाळता येईना. त्या दुपारनंतर तिला एक वाक्य मिळालं होतं: त्यांनाच जायचंय. किती कामाचं वाक्य होतं ते. कमरेतून कळ निघाली की ते वाक्य, पहाटे ओली चादर पिळताना ते वाक्य, लोक "कसे आहेत मास्तर?" विचारायचे तेव्हा ते वाक्य, डोळे थोडे ओले करून. त्याच वाक्याचा हात धरून ती एकदा बाजाराला म्हणून निघाली आणि चष्म्याच्या दुकानात गेली. मालक म्हणाला, "कधीही या, तुमची खुर्ची तशीच आहे." तिने काउंटरवरची एक रिकामी फ्रेम उचलून डोळ्यांवर चढवली आणि आरशात बघितलं, आणि तिला आपला चेहरा आवडला. परत येताना तिने आतली खोली मनात रिकामी केली. खाट गेली, कठडा गेला, औषधांचा वास गेला. भिंतीशी टेबल लागलं. तिथे बसून ती काय करणार होती हे तिला माहीत नव्हतं, बहुधा काहीच नाही, नुसती बसणार होती, आणि कुणी हो म्हणणार नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिला स्वतःची शरम वाटली होती. मग वाक्य आठवलं आणि शरम निवली. मी कुठे काही मागतेय? त्यांनाच जायचंय.

फट्‌कन उजेड आला. जिन्यात वायरमन कुणाला तरी "आली बघा!" म्हणाला. ती परकी बाई एका शब्दाच्या मध्यावर बुडाली आणि तिच्या जागी ती ओळखीची खरखर आली, कोरडी, सलग, तव्यावर खडे परतल्यासारखी. मास्तरांचे डोळे उघडले. ओठांचा कोपरा खाली आला. बोट पांघरुणातून बाहेर निघालं आणि थरथरत वर जायला लागलं, अर्ध्या वाटेवर थकून थांबलं, पुन्हा वर गेलं. तिने त्या बोटाच्या रेषेत मान वर केली. पहिल्यांदाच. पांढरा चौकोन डोळ्यांत घुसला. ती उठली, दाराजवळ गेली आणि तिने बटण बंद केलं. बाई बोलायला लागली. मागे बारीकशी घरघर उरली होती, वरच्या-खालच्या घरांतल्या दिव्यांची असेल, पण बाई स्पष्ट होती. बोट खाली आलं. तिने बटण लावलं. खरखर, बोट वर. बंद केलं. बाई, बोट खाली. आता की मघाशी? आता की मघाशी? तिचा हात आपोआपच दुकानातल्या लयीत चालत होता, आणि मास्तर, आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या चांगल्या गिऱ्हाइकासारखे, न चुकता उत्तर देत होते. शेवटी तिने दिवा बंद ठेवला आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

म्हणजे इतके महिने. इतके महिने हा माणूस दिवा बंद करा म्हणत होता, आणि आम्ही त्याचं सांत्वन करत होतो. तिला सगळं उलटं दिसायला लागलं. नणंद बोट कुरवाळत म्हणतेय, होईल रे दादा सुटका, आणि दादा तिच्याकडे डोळे फाडून बघतोय. ती स्वतः त्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणतेय, कळतंय हो मला, कळतंय, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. ते पाणी तिला तेव्हा किती शांत वाटलं होतं. कुणीतरी आपल्याला समजून घेतलं म्हणून रडतायत, असं तिने मुलाला फोनवर सांगितलं होतं. फोनवरचा मुलगा, डॉक्टरांचं वाकणं, नको ना. हे सगळं तो ऐकत पडला होता. समज शाबूत असलेला माणूस आपल्याच खाटेवर पडून, आपल्या मरणाचं कसं ठरतं ते ऐकत होता, आणि ते थांबवायला तोंड उघडावं तर हो निघत होतं. ती शहारली. आणि शहारत असतानाच तिच्या आतून एक दुसरा, अगदी कोरडा आवाज म्हणाला, म्हणजे त्यांना जायचं नाहीये. आता काय करशील?

सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि मग तिला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा न्यूमोनियाच आहे, पण सुरुवात आहे. मागच्या वेळी झालं तसं दवाखान्यात नेलं तर यातूनही उठतील, मी खोटं नाही सांगणार. आपण ठरवलंय ते मी धरून चालतो. मात्र मन बदललं तर आज संध्याकाळच्या आत फोन करा, मी गाडी पाठवतो. उद्या छाती भरली की मग माझ्याही हातात काही नाही." ती तेव्हा शहाण्यासारखी म्हणाली होती, "त्यांनाच जायचंय, डॉक्टर." फोन बाहेरच्या खोलीत खिडकीत होता. दहा पावलंसुद्धा नव्हती. बाहेर अजून ऊन होतं, भिंतीवर चढत गेलेलं, पण ऊन.

फोन केला तर काय होईल हे तिला तोंडपाठ होतं. गाडी येईल, जिन्यात वायरमनला बाजूला सरकवून खुर्चीतून खाली नेतील, मग दवाखान्यातला तो लांब बोळ, ती हिरवी बाकं, नळ्या, नर्सची हाक. मास्तर बरे होतील. ते चिवट होते. घरी येतील. ती दिवा कायमचा काढून टाकेल, एखादा जुना पिवळा बल्ब कुठून तरी शोधून आणेल, आणि रेडिओ बोलेल. मास्तर रोज सकाळी चाक फिरवतील, कुणीतरी कुठेतरी गाईल, आणि ते ऐकतील, सुखाने ऐकतील, एक वर्ष, चार वर्षं, कितीही. आणि ती चादरी बदलेल. इथे येऊन तिचं मन पुढे जाईना. रेडिओ बोलायला लागला तर ते जगतील, असं तिला वाटलं, आणि ही गोष्ट आनंदाची आहे हे तिला कळत होतं, जसं एखादं गणित बरोबर आहे हे कळतं. तिला हा माणूस आवडायचा. खिडकीशी बसून चाक फिरवणारी त्याची पाठ आवडायची, त्याचा तो नन्नाचा पाढासुद्धा आता आठवला की हवाहवासा वाटायचा. आणि तो मेला तर बरं, असंही तिला वाटत होतं, आज नाही, कधीपासूनच. नणंदेने बोटाचा अर्थ लावला होता, पण तो अर्थ उचलून घरात जपला होता तिने. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असल्याचा तिला भयंकर राग आला. सकाळपर्यंत ती एका आजारी माणसाची इच्छा पाळणारी बायको होती. दिवा एकदा गेला काय आणि आला काय, तेवढ्यात तिची ती जागा गेली. आता फोन न करणं म्हणजे फोन न करणं. त्याला दुसरं नाव नव्हतं.

ती स्टुलावर येऊन बसली. विचारावं का त्यांना? शब्दाने नको, दिव्याने. बोट वर म्हणजे नको, बोट खाली म्हणजे हवं. एवढं आता दोघांनाही येत होतं, एवढ्यावर एक अख्खा प्रश्न विचारता आला असता. ती वाकली. मास्तरांच्या छातीतून येणारा घरघरता श्वास तिच्या गालाला लागला, गरम. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख होती, आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी जमल्याची मास्तरी ऐट होती, पोराला शेवटी नकाशात गाव सापडल्यावर असायची तशी. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. तिने पांघरूण नीट केलं, अर्धवट राहिलेल्या चादरीचं टोक गादीखाली खोचलं, त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला. ही सगळी कामं तिने फार मायेने केली, आणि ती माया खोटी नव्हती.

सकाळीच येऊन थांबलेली नणंद दोन कप चहा घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच अडली. "अगं बाई, अंधारात काय बसलीस? लाइट आलेत की."

"राहू दे. त्यांना त्या दिव्याचा त्रास होतो."

"दादाला? मग आधी बोलली नाहीस ती?" नणंद चाचपडत पुढे आली, कप कपाटावर ठेवले. मग तिला ते ऐकू आलं आणि ती थबकली. "अय्या, रेडिओ लागला? इतका स्वच्छ? आणि बघ गं, चाक फिरवतोय बघ स्वतः." मास्तरांचा हात खरंच चाकावर होता. ती बाई मागे पडली होती, आता कुणी पुरुष बोलत होता, मधूनमधून कसलंसं वाद्य. नणंद कठडा धरून बराच वेळ भावाकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांना नेहमीप्रमाणे पाणी आलं, पण या वेळी ते थोडं वेगळं होतं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, एक बोलू? रागावू नकोस. सकाळपासून माझ्या जिवाला नुसती घालमेल लागलीय. आपण घाई तर करत नाही ना? डॉक्टर म्हणालेत संध्याकाळपर्यंत. करू या का एकदा फोन? तू म्हणशील तसं. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

बोळातल्या खिडकीवर कबुतराची फडफड झाली. ती उत्तर शोधत नव्हती, उत्तर तिच्यापाशी तयार होतं, तिला फक्त त्याचा आवाज नेहमीसारखा यावा एवढंच हवं होतं. तो तसा आला.

"नको, वन्सं. ठरलंय ना आपलं. त्यांनाच जायचंय."

नणंदेने मान हलवली, डोळे पुसले आणि चहाचा कप तिच्या हातात दिला. रेडिओवरचं वाद्य थांबलं नव्हतं, पण चाकावरचा मास्तरांचा हात थांबला होता. त्यांची मान तिच्या बाजूला वळत असल्याचं तिला डोळ्यांच्या कडेने दिसलं. उशीवर केसांची सळसळ झाली. तिने तिकडे बघितलं नाही. कप खाली ठेवून तिने हात लांब केला आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.